‘प्रिन्सिपल’ कोणता लिहायचा, हे कान सांगत नाही

पत्राचा सारांश: लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक असलेल्या, चौतिशीतल्या एका ताईंचं हे पत्र आहे. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, दहावीपर्यंत गावातलीच मराठी शाळा, पुढे बी.कॉम. महाविद्यालयाची इंग्रजी पत्रं, नोटिसा, विद्यापीठाला जाणारे प्रस्ताव त्याच टाइप करतात. मध्यंतरी एका नोटिशीवर ‘प्राचार्य’ या अर्थाने ‘प्रिन्सिपल’ लिहिताना शेवटी ‘ए-एल’ऐवजी ‘एल-ई’ पडलं. नोटीस फलकावर लागली. कुणीतरी फोटो काढून स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तेव्हापासून दुसऱ्याला दाखवल्याशिवाय एकही कागद पुढे पाठवायची त्यांची हिंमत होत नाही. त्यांनी इंग्रजीचा क्लास लावला. तिथे सारख्या उच्चारांच्या दोनशे जोड्यांची यादी मिळाली, ती पाठही केली. आता, त्यांच्या शब्दांत, ‘आधी बरोबर यायचे तेही चुकायलेत.’ त्या लिहितात, ‘माझा पायाच कच्चा. मला इंग्रजी नीट ऐकूच येत नाही.’ त्यांचे प्रश्न दोन आहेत. हे टेबल सोडून ग्रंथालयात बदली मागावी का? आणि जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलीवर ही वेळ येऊ नये म्हणून तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालावं का?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘मला इंग्रजी नीट ऐकूच येत नाही.’ सगळा त्रास या समजुतीतून सुरू झालाय, म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलू. प्राचार्यांना म्हणतात तो ‘प्रिन्सिपल’ आणि तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ यांचा इंग्रजीतला उच्चार अगदी एक आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही त्यांच्यात फरक ऐकू येत नाही, कारण ऐकू येण्यासारखा फरकच नाही. जे आवाजात नाही ते तुमच्या कानाला सापडलं नाही, यात कानाचा काय दोष?

हे असं का झालं, ते समजलं की मनावरचं ओझं कमी होतं. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर बदलत गेले. त्याच काळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे छपाईमुळे शब्दांची लेखनं हळूहळू पक्की होत गेली. बोलणं सरकत राहिलं, लिहिणं मागेच राहिलं. ‘भेटणे’ या अर्थाचा ‘मीट’ आणि ‘मांस’ या अर्थाचा ‘मीट’ एकेकाळी वेगळे ऐकू यायचे. एकात दोन ‘ई’ आहेत आणि दुसऱ्यात ‘ई-ए’, ती त्या जुन्या फरकाची खूण. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला पहिला ‘के’ लोक खरोखर उच्चारत. आज आवाज मिसळून गेलेत, अक्षरं तेवढी राहिलीत. अशा शब्दांपाशी इंग्रजी घरात वाढलेली माणसंही अडखळतात. ‘इट्स’मध्ये तो वर लटकणारा अपॉस्ट्रॉफी कधी द्यायचा आणि कधी नाही, हे त्यांच्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांचंही चुकतं, कारण ते कानाने शिकलेले असतात आणि लिहितानाही कानालाच विचारतात.

आपल्या मराठवाड्याला तर हा अनुभव नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचीही उर्दू. घरात मराठी बोलणारी मुलं शाळेत उर्दू लिहायला शिकली. त्या लिपीत ‘स’साठी तीन अक्षरं आहेत, से, सीन आणि साद. ‘ज़’साठी तर चार. उच्चार ऐकून कोणतं अक्षर घ्यायचं ते कळत नाही. ‘सदा’ हा शब्द सादने लिहिला तर हाक, सीनने लिहिला तर नेहमी. आपण तहसीलला जो ‘अर्ज’ देतो तोही तिथे ‘ऐन’ने सुरू होतो. अलिफने लिहिला तर तोच आवाज जमीन या अर्थाचा होतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हे सगळं सांभाळलं, ते अर्थ आणि अक्षर यांची गाठ बांधून. तुमच्या गावात त्या काळात शिकलेले कुणी अजून असतील तर त्यांना विचारून बघा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की, सारख्या आवाजाच्या शब्दांपाशी कानाला विचारणं सोडा, अर्थाला विचारा. आणि अर्थ तुमच्याकडे मराठीत आधीपासून आहे, स्पष्ट आणि पक्का. ‘प्राचार्य’ आणि ‘तत्त्व’ यांच्यात तुमचा गोंधळ कधी झालाय का? कधीच नाही. म्हणजे टाइप करताना हात थबकला की मनात मराठी शब्द म्हणायचा आणि मग अक्षरं टाकायची. ज्या मराठी शाळेला तुम्ही ‘कच्चा पाया’ म्हणताय, तिनेच ही सोय तुम्हाला दिलीये.

आता तुमच्या टेबलावरचे शब्द घेऊ.

‘प्रिन्सिपल’च्या बाबतीत क्लासमध्ये तुम्हाला बहुतेक सांगितलं असेल की शेवटच्या ‘पी-ए-एल’मध्ये ‘पॅल’, म्हणजे मित्र, दडलाय. ही युक्ती ज्याच्या तोंडी तो शब्द रोज असतो त्याच्या कामाची. आपण मित्राला कधी ‘पॅल’ म्हणत नाही, आणि ती अक्षरं वाचली की भिंतीवरची पालच आठवते. आपल्याला माहीत असलेल्या शब्दांतून जाऊ. सेंट्रल, नॅशनल, जनरल, फायनल, हे सगळे ‘कसा’ हे सांगणारे शब्द, आणि सगळ्यांच्या शेवटी ‘ए-एल’. ‘प्रिन्सिपल’ही मुळात असाच, ‘मुख्य’ या अर्थाचा. मुख्य माणूस म्हणजे प्राचार्य. कर्जातली मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल, बँकेच्या उताऱ्यावर तीही ‘ए-एल’नेच लिहितात. मनात ‘मुख्य’ बसत असेल तर ‘ए-एल’. ‘तत्त्व’ बसत असेल तर ‘एल-ई’, जसं ‘रूल’च्या शेवटी असतं. नियम आणि तत्त्व, दोघांचा शेवट एक.

‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ या जोडीने कार्यालयात सगळ्यात जास्त घोळ होतो. तुम्ही मात्र त्यातला एक शब्द वर्षानुवर्षं बरोबर टाइप करत आलाय. वेतनवाढीच्या, नियुक्तीच्या आदेशात ‘अमुक तारखेपासून लागू’ यासाठी ‘डब्ल्यू-ई-एफ’ लिहिता ना? त्यातला मधला ‘ई’ म्हणजे ‘इफेक्ट’. औषधाचा साइड इफेक्ट तोच. परिणाम या नावाला ‘ई’. परिणाम होणे, बाधित होणे ही क्रिया असेल तर ‘ए’. गारपिटीने बाधित झालेले शेतकरी ‘अफेक्टेड’, तिथे ‘ए’. ‘ई’वाला शब्द क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, ‘घडवून आणणे’ या अर्थाने, पण तुमच्या पत्रांत त्याची गरज पडणार नाही. तो आत्ता बाजूला ठेवा.

‘स्टेशनरी’ची गोष्ट मला फार आवडते. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांजवळ पुस्तकं विकणारे एका जागी बसून धंदा करत. गावोगाव फिरून माल विकणाऱ्यांपेक्षा वेगळे, म्हणून त्यांना ‘ठाण मांडून बसलेला’ या अर्थाचं नाव पडलं, स्टेशनर. आठवडी बाजाराला पाल ठोकणारा दुकानदार आणि गावात पक्कं दुकान असलेला दुकानदार, हा फरक आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. म्हणजे ‘स्थिर’ आणि ‘कागद-पेन’ हे दोन्ही शब्द मुळात एकाच घरातले. लिहिताना बेकर आठवा. बेकरची बेकरी ‘ई-आर-वाय’, तशी स्टेशनरची स्टेशनरीही ‘ई-आर-वाय’. स्थिर, न हलणारं असेल तर ‘ए-आर-वाय’. झेरॉक्सच्या दुकानांच्या पाट्यांवर बहुतेक वेळा ‘ए’च रंगवलेला दिसतो. कोटेशन मागवण्याच्या पत्रात मात्र तो जाऊ देऊ नका.

‘कौन्सिल’ आणि ‘कौन्सेल’ लातूरकरांनी तरी चुकू नयेत. ‘नीट’चा निकाल लागला की प्रवेशासाठी जे होतं त्याला आपण सर्रास ‘कौन्सिलिंग’ म्हणतो आणि तसंच लिहितो. ते सल्ला देण्याच्या क्रियेवरून आलंय, त्यात ‘एस’ आहे. परिषद या अर्थाची कौन्सिल, मग ती विद्यार्थी परिषद असो की वैद्यकीय परिषद, ‘सी’ने. सल्ला असेल तर ‘एस’, परिषद असेल तर ‘सी’.

सल्ल्यावरून ‘ॲडव्हाइस’ आठवला. इथे कानाची थोडी मदत होते. सल्ला हे नाव असेल तर शेवट ‘स’ आणि अक्षर ‘सी’. सल्ला देणे असेल तर शेवट आपल्या ‘जहाज’मधल्या शेवटच्या ‘ज’सारखा, आणि अक्षर ‘एस’. हाच नियम ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’लाही आहे, पण तिथे आवाजात फरक नाही. आपल्याकडे जे ब्रिटिश वळण चालतं त्यात नावाला ‘सी’, क्रियापदाला ‘एस’. ड्रायव्हिंग लायसन्सचं कार्ड पर्समधून काढून बघा, ‘सी’ दिसेल. अमेरिकेत लायसन्स दोन्हीकडे ‘एस’ने आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे ‘सी’ने लिहितात, म्हणून संगणक कधीकधी तुमच्या बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढेल. तिथे घाबरून बदलू नका. संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये इंग्रजीचा भारतीय किंवा ब्रिटिश प्रकार निवडून ठेवा.

काही जोड्यांत मात्र इंग्रजीत फरक आहे आणि तो आपल्या बोलण्यात पुसला गेलाय. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ‘लूज’. आपण सैल कपड्याला लूज म्हणतो, जुलाबाला लूज मोशन म्हणतो, सुट्या तेलालाही लूज म्हणतो. इंग्रजीत सैल या अर्थाचा शब्द ‘लूस’ आहे, शेवटी स्वच्छ ‘स’, आणि त्यात दोन ‘ओ’. ‘लूझ’ म्हणजे गमावणे, त्यात एकच ‘ओ’. आपण सैलचा उच्चार गमावण्यासारखा करतो आणि मग अक्षरं उलटी पडतात. इतर शब्दांचंही तेच. भाजीला टेस्ट नाही आणि लेकराची टेस्ट सिरीज चालू आहे, या दोन टेस्ट इंग्रजीत वेगळ्या वाजतात. वाया गेलेलं ‘वेस्ट’ आणि पश्चिम दिशेचं ‘वेस्ट’ही वेगळे. देवनागरीत लिहिताना ते एकसारखे होतात. अशा शब्दांसाठी ऐकण्याचा सराव उपयोगी पडतो. मोबाइलवरच्या शब्दकोशात शब्दाशेजारी कर्ण्याचं चिन्ह असतं, ते दाबून दोन्ही ऐका, मोठ्याने म्हणा. जिथे ऐकून फायदा होतो तिथेच ऐका. ‘प्रिन्सिपल’ शंभर वेळा ऐकला तरी हाती काही लागणार नाही.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. ‘देअर’ तिथे या अर्थाचा असेल तर ‘हिअर’ आणि ‘व्हेअर’सारखाच शेवटी ‘ई-आर-ई’, तिघेही जागेचे शब्द. ‘त्यांचा’ असेल तर ‘ई-आय-आर’. ‘इट्स’ वाचताना ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ म्हणून बघा. वाक्य जुळलं तर अपॉस्ट्रॉफी, नाही तर नको. ‘एक्सेप्ट’मध्ये वगळायचं असेल तर ‘ई-एक्स’, स्वीकारायचं असेल तर ‘ए’ आणि दोन ‘सी’. ‘पर्सोनेल’ म्हणजे कर्मचारीवर्ग, त्यात दोन ‘एन’ आणि शेवटी ‘ई-एल’. त्याचा जोर शेवटावर पडतो, म्हणून तो ‘पर्सनल’पासून कानालाही वेगळा कळतो.

त्या दोनशे जोड्यांच्या यादीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती कपाटात ठेवून द्या. आधी बरोबर येणारे शब्दही चुकू लागले, हे त्या यादीमुळेच झालंय. सारखे दिसणारे, सारखे वाजणारे दोन नवे शब्द शेजारी ठेवून एकदम पाठ केले की ते एकमेकांत शिरतात. एकाच चाड्यात दोन बियाणं ओतल्यावर कोणत्या ओळीत काय पडलं ते उगवेपर्यंत कळत नाही, तसं होतं. जोडीतला एकच शब्द घ्या, तुमच्या कामातल्या एका खऱ्या वाक्यासकट. ‘डब्ल्यू-ई-एफ’वाला ‘इफेक्ट’ आधी इतका पक्का करा की त्याच्याबद्दल विचारच करावा लागू नये. दुसरा काही आठवड्यांनी घ्या. काही जोड्यांत दुसऱ्याची गरजही पडणार नाही. तुमच्या नोटिशींत ‘तत्त्व’वाला ‘प्रिन्सिपल’ वर्षातून कितीदा येतो?

आणि दोनशे जोड्या तुम्हाला लागतातच कुठे? मागच्या वर्षाची जावक फाइल काढा. एखाद्या निवांत दुपारी आपलीच पत्रं वाचा आणि चुकलेले शब्द एका कागदावर उतरवा. माझा अंदाज आहे की आठ-दहाच्या वर शब्द निघणार नाहीत. तो कागद कीबोर्डजवळ चिकटवा. प्रिंट काढण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबून त्यातला एकेक शब्द पत्रात शोधा, आणि जिथे सापडेल तिथे मनात मराठी अर्थ म्हणून बघा. स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्रणेवर यासाठी विसंबू नका. ‘एल-ई’वाला प्रिन्सिपलही खरा शब्द असल्याने त्याखाली लाल रेघ येईलच असं नाही. सही-शिक्क्याच्या खालचे ठरलेले मजकूर, पदनामं, संदर्भाच्या ओळी एकदा तपासून साठवून ठेवा आणि तिथूनच उचला. तुम्ही म्हणता ती चूक पदनामाचीच होती. ती अशाने पुन्हा होणारच नाही.

आता त्या फोटोबद्दल. ती नोटीस सहीसाठी आत गेली होती आणि सही होऊन बाहेर आली होती. फलकावर लागली, तेव्हा तिथून कितीतरी शिकलेली माणसं ये-जा करत होती. म्हणजे तो शब्द तुमच्याशिवाय आणखी काही डोळ्यांखालून निसटला होता. तुम्हाला लागलं ते हसणं. चूक दाखवणं आणि चारचौघांत हसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली सहकाऱ्यांनी केलीच पाहिजे, दुसरी कुणी करू नये. ज्यांनी फोटो टाकला त्यांना एकटं गाठून शांतपणे सांगा, ‘सर, चूक दिसली तर आधी मला सांगत जा, मी लगेच कागद बदलते.’ ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे बोलणं वाढत जातं. प्रत्येक कागद दुसऱ्याला दाखवण्याची सवय एकदम तोडू नका. आधी रजेची आणि साध्या माहितीची पत्रं स्वतःच्या भरवशावर पाठवा. विद्यापीठाचे प्रस्ताव, नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, कागदपत्रं मात्र दुसऱ्या डोळ्यांखालून जाऊ द्या. ती कुणाचीही एकट्याने पाठवायची नसतात.

विद्यार्थ्यांसाठीच्या नोटिसा इंग्रजीतच का काढायच्या, हेही प्राचार्यांना विचारून बघा. आपल्या विद्यापीठाची कितीतरी परिपत्रकं मराठीत येतात, आणि औसा-निलंग्याकडून एसटीने येणाऱ्या पोरांना परीक्षा अर्जाची शेवटची तारीख मराठीतून लवकर कळते. हा विचार त्या पोरांसाठी आहे. तुमच्यासाठी पळवाट म्हणून मी तो सुचवत नाही, आणि इंग्रजी पत्रं तुम्ही लिहीत राहावीत असंच मला वाटतं.

ग्रंथालयाची बदली. पुस्तकांत रमायला आवडत असेल तर जरूर मागा, ते काम सुंदर आहे. पण पत्रात पुस्तकांच्या ओढीबद्दल एक अक्षर नाही, आहे ती भीतीच. इतकी वर्षं सांभाळलेलं टेबल, प्रस्तावांची माहिती, विद्यापीठातल्या विभागांशी झालेली ओळख, हे सगळं आठ-दहा शब्दांपायी सोडणं मला पटत नाही. सहा महिने वर सांगितलेलं करून बघा. त्यानंतरही सकाळी कार्यालयाची पायरी चढताना पोटात गोळा येत असेल, तर अर्ज करा.

मुलीचा प्रश्न या सगळ्यापासून पूर्ण वेगळा काढा, ही माझी कळकळीची विनंती आहे. शाळा निवडताना बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. वर्गात शिक्षक आहेत का, ते शिकवतात का, शाळा किती लांब, रोजच्या रिक्षात किती वेळ जाणार, घरी अभ्यासात तुम्ही तिच्याशी कोणत्या भाषेत बोलाल. ‘प्रिन्सिपल’ चुकू नये हे त्या यादीत येत नाही, कारण इंग्रजी शाळेतली मुलंही तो चुकतातच. शिवाय तुमची इंग्रजीशी ओळख पाचवीत झाली असावी. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे तुमच्या आणि तिच्या सुरुवातीत मोठा फरक असणार आहे. दोन्ही शाळांत एकेक दिवस जाऊन बसा, मुलीलाही न्या. वर्गात कुठल्या मुलांना प्रश्न विचारायला भीती वाटत नाही ते बघा. मिस्टरांशी बोलतानाही नोटिशीचा विषय मध्ये आणू नका. तो आला की निर्णय रागाने होईल.

जावक फाइलमधून निघालेली यादी मला पाठवा. मी वर न घेतलेले शब्द त्यात असतील, विशेषतः ज्यांचा मराठी अर्थच नीट सापडत नाही असे, तर ते पुढच्या वेळी याच सदरात घेईन. इतर वाचकांनीही आपापल्या टेबलावरचे शब्द कळवावेत. बँकेत, कृषी केंद्रात, दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या याद्या नक्कीच वेगळ्या निघतील.